पानाला श्वास घेऊ द्या

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात एकच कोर्स पूर्ण केला, आणि तोही शनिवार-रविवारचा. विषय काय, तर फोटोंच्या स्क्रॅपबुकची पानं साधी, मोजकी कशी सजवावीत. तेव्हापासून आमचे बंधुराज कलाकार झाले. पोटापाण्यासाठी ते बाथरूमच्या टाइल्स विकतात, पण माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांकडे बघून नाक मुरडतात. म्हणे, "ताई, इथे नजरेला विसावाच नाही."

"मग डोळे मिट आणि चहा पी," मी म्हटलं.

त्याच सुमारास आईची नजर अधू होत चालली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. आईने रडारड केली नाही. कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातले जुने फोटो पलंगावर ओतले.

"डोळे आहेत तोवर हे कुणीतरी नीट लावून द्या रे," ती म्हणाली. "मला सगळ्यांना एकदा बघायचंय. आणि मी कशी दिसायचे तेही. आरशात आता नुसतं धुकं दिसतं."

मी तोंड उघडायच्या आत कलाकाराने फोटो गोळा करून डबा काखोटीला मारला होता.

काही दिवसांनी मी त्याच्याकडे डोकावले. टेबलावर पट्टी, कटर, डिंक आणि राखाडी कागद. माणूस असा ऐटीत बसलेला की जणू हृदयाचं ऑपरेशन करतोय. बाबांचा स्कूटरपाशी उभं राहून काढलेला फोटो त्याच्या हातात होता. त्याने बाबा तेवढे कापून घेतले आणि स्कूटर टोपलीत टाकली.

"अरे, बाबा त्या फोटोत स्कूटर दाखवायलाच उभे राहिले होते!"

"ताई, तुला नाही कळायचं. एक पान, एक चेहरा, एक ओळ. बाकी सगळा गोंगाट. पानाला श्वास घेऊ द्यायचा असतो."

"पान कधीपासून श्वास घ्यायला लागलं?"

दारातून त्याची बायको म्हणाली, "कसलं क्लासी वाटतंय ना!" झालं, स्वारी आणखी फुलली. त्या घरात कौतुकाचा तुटवडा कधीच नव्हता, अकलेचा होता.

"निदान कॉपीवर तरी कापतोयस ना?" मी विचारलं.

"कॉपीला तो जुना पोत येत नाही गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निगेटिव्ह तर जुनं घर सोडतानाच हरवल्या होत्या. उरलेले फोटो तरी वाचवावेत म्हणून मी डबा ओढला. तो रिकामा होता. तो स्कूटरचा फोटो शेवटचा होता, आणि टोपली रोज सकाळी रिकामी व्हायची.

रविवारी आईकडे अल्बम आला. आई भिंग घेऊन खिडकीशी बसली. पहिल्या पानावर कोपऱ्यात तिकिटाएवढे बाबा, खाली लिहिलेलं, "बाबा". बाकी पान कोरं. आई बाबांकडे बघून हसली. मग भिंग त्या कोऱ्या कागदावरून हळूहळू फिरवत राहिली.

"इथे काही आहे का गं?" तिने मला विचारलं. "मला दिसत नाही, की मुळात नाहीच?"

"नाहीच आहे, आई."

"ते मुद्दाम सोडलंय," कलाकार म्हणाले. "छान दिसतं."

प्रत्येक पानावर आई तशीच शोधत राहिली. एका पानावर मी शाळेच्या गणवेशात, पुढे आजोबा, मग आत्या. मग सलग चार पानं खुद्द बंधुराज, स्वतःच्या बाबतीत मोजकेपणा आठवला नसावा. त्यातल्या एकात तो वर्षाचा, खुर्चीवर बसलेला, आणि त्याच्या खांद्यावर चार बोटं. बोटांना पुढे हात नव्हता. हात जिथे सुरू झाला असता तिथे कटर फिरलं होतं.

ती बोटं मी ओळखली. आणि मग माझ्या लक्षात आलं. आई प्रत्येक फोटोत कडेलाच असायची. कुणाचं तरी मूल सावरत, हातात ट्रे घेऊन, निम्मी कुणाच्या तरी मागे. या दीडशहाण्याने तिला गोंगाट म्हणून एकेका फोटोतून उडवलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तोही त्या बोटांकडेच बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता, पण मला त्याची काडीची दया आली नाही.

आई शेवटच्या पानावर आली. तिथे फोटो नव्हता, ओळही नव्हती. अल्बम संपताना एक पान तसंच ठेवायचं, असं कोर्समध्ये शिकवलेलं. आईने भिंग या कडेपासून त्या कडेपर्यंत नेलं, परत आणलं. मग ते मांडीवर ठेवलं आणि पानावरून हात फिरवला.

"इथे मी असणार," ती म्हणाली. "मला काही दिसत नाही रे. तूच सांग, कशी दिसते मी?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "तिने तुला विचारलंय."