पावण्याची पंगत

“घरचं ताट झाकून ठेवायचं आन् लोकाच्या पंगतीला जाऊन बसायचं, ही कुठली रीत?”

हे प्रेमलाबाईंनी फ्रिजला विचारलं आणि कुलदीपच्या ताटावर दुसरं ताट असं आदळलं, की आतल्या खोलीपर्यंत आवाज जावा. फ्रिज घुंऽ करून हुंकारला. सून उत्कर्षा कायमची निघून गेल्यापासून ऐरोलीच्या त्या फ्लॅटमध्ये हुंकार देणारा तो एकटाच उरला होता. मुलगा होता, पण तो बोलत नव्हता. येतो, जातो, हो, नको. एवढ्या चार शब्दांत त्याचा महिना निघायचा.

कुलदीप बाहेर आला. चाळिशी उलटलेला बाप्या, केस कपाळावरून मागं सरकलेले, अंगात विटका काळा टी-शर्ट, पायात जाड तळव्यांचे बूट.

“काळं घालून पंगतीला जातं का कोण?”

तो किल्ली शोधत होता. “काय?”

“जेवून जा म्हनलं. मटण केलंय.”

“आल्यावर खातो. भरल्या पोटी तिथे काही जमत नाही.”

“आज लांब हाय का?”

“नाही गं, इथेच. पावण्याला.”

दार लागलं. भरल्या पोटी जमत नाही! म्हणजे पोट मोकळं ठेवून, तयारीनं जायचं. प्रेमलाबाईंनी गॅसचं बटण बंद होतं तेच पुन्हा पिळून बंद केलं.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी विचारलं होतं, ऐतवारचा कुठं उलथतोस म्हणून. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला होता, “पंकला.” पंगतीला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शाळा चौथीत सुटली असली तरी एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. दुसऱ्यांदा विचारलं की लोक हळू आणि मोठ्यानं सांगायला लागतात, लहान पोराला सांगावं तसं. म्हणून त्या एकदाच ऐकायच्या आणि जे ऐकलं ते खरं धरायच्या.

आणि खरं धरल्यावर सगळं जुळतही होतं. रविवारी दुपारी घरचं अन्न न शिवता जायचं. संध्याकाळी परत यायचं ते घसा बसलेला, दंडावर काळंनिळं. पंगतीत जागेवरून रेटारेटी होते, भांडणं होतात, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? कुणीतरी त्याला जेवू घालत होतं. घालणारी बाईच असणार. असेना, त्याबद्दल त्यांचं म्हणणं नव्हतं. पण त्या बाईच्या हातचं खाऊन तो तिच्याशी बोलत असेल, दिवसभराचं सांगत असेल, आणि इथं आईनं झाकलेल्या ताटासमोर बसून एकटीनं भाकरी मोडायची, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आज त्याच्या मागोमाग जायचंच म्हणून सकाळपासून त्या जरीकाठाचं लुगडं नेसून बसल्या होत्या. कुठं निघालीस, असं कुलदीपनं विचारलं नव्हतं. देवापुढचा नारळ त्यांनी पिशवीत टाकला. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहणं नवऱ्याच्या, हौसेरावांच्या घरात चालत नसे. हौसेराव आयुष्यभर वाशीच्या दाणाबाजारात पोती वाहून गेले, पण पाव्हण्याकडं जाताना हातात पुडा असायचा. आधी नारळ द्यायचा आणि मग तोंड सोडायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

सोसायटीच्या फाटकाशी गोटीरामची रिक्षा उभी होती. पुढं कुलदीप बसलेली रिक्षा नुकतीच वळत होती.

“त्या रिक्षाच्या मागं घे.”

“आजी, तुमचा पोरगाच हाय तो. एकाच रिक्षात बसायचा ना, कशाला डबल भाडा?”

“तुला भाडं मिळतंय न्हवं? मग हाक.”

“पिच्चर हाय का काय!” म्हणत गोटीरामनं हँडल मारलं.

पावणे गावातल्या कारखान्यांच्या रस्त्याला रविवारी चिटपाखरू नव्हतं. शटरं ओढलेली, फाटकांवर कुलपं, औषधासारखा उग्र वास. साताऱ्याकडं त्यांच्यात पाहुण्याला पावणाच म्हणत. पावण्याला पंगत. या लोकांनी गावाचं नाव तरी कसं हुडकून काढलं होतं! एका गाळ्यासमोर मात्र पन्नासेक माणसं उभी दिसली. कुलदीप उतरून आत गेला. बाईंनी पदर सारखा केला.

दारात टेबल टाकून एक मुलगी बसली होती. अर्धं डोकं भादरलेलं, नाकात दोन्हीकडं चमकी. मुलगी पाहून बाईंचा एक राग तिथंच उतरला, कारण ही काही जेवू घालणारी दिसत नव्हती.

“आजी, कोणाकडे आलात?”

“पंगत हितंच हाय न्हवं?”

“हो, हो, पंकच,” मुलगी खूश होऊन म्हणाली. “वॉव, आजी! तुम्हाला कसलं तिकीट, या ना. फक्त हात द्या.”

तिनं मनगटावर निळा शिक्का मारला. बाईंनी तो निरखला. एकदा जेवलेला माणूस दुसऱ्यांदा पंगतीत घुसू नये म्हणून शिक्का! शहाणे होते म्हणायचे. पण पाहुण्यावर एवढा अविश्वास? आत समोरच्या भिंतीवर मोठा कापडी फलक होता. त्यांनी एकेक अक्षर जुळवून वाचला. पा-णी-क-पा-त. घ्या. म्हणजे जेवल्यावर हात धुवायचीही सोय नाही.

त्यांनी सतरंज्या शोधल्या. पत्रावळी शोधल्या. मोठी पातेली कुठं चुलीवर चढली आहेत का, म्हणून नाक वर करून वास घेतला. ऑइलचा आणि घामाचा वास येत होता. कोपऱ्यात पाण्याचे दोन जार, एका बाजूला ताडपत्रीनं झाकलेलं लेथ मशीन, आणि समोर लाकडी फळ्यांचा ओटा. त्या ओट्यावर चार काटकुळी पोरं चढली. त्यातल्या एका पोरीनं ढोलांवर काठ्या हाणल्या आणि गाळ्याचा पत्रा थरथरला.

प्रेमलाबाई भिंतीला टेकल्या. नारळाची पिशवी त्यांनी पोटाशी धरली. ते गाणं होतं की भांडण, कळत नव्हतं. पोरगा माइक तोंडात घातल्यासारखा ओरडत होता, बिल्डरला, दुसऱ्या मजल्यावर न चढणाऱ्या पाण्याला आणि आणखी कुणाकुणाला शिव्या घालत होता. शिव्या मात्र मराठीत होत्या, स्वच्छ होत्या.

कुणीतरी त्यांच्या कानाशी वाकलं. दारातलीच मुलगी होती ती, आता टेबल सोडून आत आलेली. तिच्या तळहातावर स्पंजचे नारिंगी बोळे होते.

“आजी, कानात घाला. मी ऋता. हा नवीन पंक-रॉक बँड आहे, ‘विना ओसी’ नावाचा. यानंतर पाणीकपात. ते जुने, आमच्या जन्माआधीपासूनचे!”

“पानीकपात म्हंजे ही मानसं?”

“हो.”

“आन् जेवण?”

“बाहेर वडापाव आहे. आणू?”

बाईंनी मान हलवली. पंगत नव्हती, पातेली नव्हती, जेवू घालणारी बाईही नव्हती. बरं वाटायला हवं होतं. मग हा येतो कशाला?

त्यांना तो दिसला. खांबाजवळ, हात खिशात घालून उभा. आजूबाजूला पोरंपोरी एकमेकांच्या गळ्यात पडत होती, फोटो काढत होती, आणि कुलदीपच्या भोवती मात्र रोजच्यासारखीच मोकळी जागा होती. कुणी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली नाही. त्यानं एकदा मोबाइल काढला, नुसता बघितला, परत ठेवला. बाई त्याच्या बोलत्या तोंडाची वाट बघत राहिल्या, आणि त्यांना एकदम त्या सगळ्या गर्दीचा राग आला. एवढी माणसं, आणि माझ्या पोराशी एकाला बोलवत नाही?

“त्यो खांबाजवळचा,” त्या ऋताला म्हणाल्या, “माझा ल्योक. कुलदीप.”

“अच्छा, काका! त्यांचं नाव कुलदीप आहे?” ऋतानं वळून पाहिलं. “प्रत्येक शोला येतात. पण बोलत नाहीत कोणाशी.”

“घरी बी न्हाई बोलत.”

बोलून गेल्यावर त्यांनी ओठ मिटले. इतक्या दिवसांत हे त्यांनी शेजारणीला कळू दिलं नव्हतं, आणि भादरलेल्या डोक्याच्या पोरीला सांगून मोकळ्या झाल्या होत्या. ऋतानं एक लाकडी खोकं ओढून आणलं आणि त्यांना बसवलं.

मग पाणीकपातवाले आले. पांढरी दाढी, पुढं आलेलं पोट, एक जण गिटार घेऊन खुर्चीतच बसला. बाईंना हायसं वाटलं. ही माणसं निदान रागावायच्या वयाची होती. गाणारा दाढीवाला माइकशी आला, घसा खाकरला, आणि त्यानं जी किंकाळी फोडली तिला अख्खा गाळा ओ देत उठला. ओट्यासमोर गर्दी आपोआप मागं सरली, मधोमध खळ्यासारखी गोल जागा झाली.

कुलदीपनं चष्मा काढला. घडी घालून खिशात ठेवला आणि खिशाची चेन ओढली. तो खांब सोडून त्या खळ्यात उतरला.

कुणीतरी त्याला खांद्यानं धडक दिली. तो दुसऱ्यावर आदळला, त्यानं तिसरीकडं ढकलला. प्रेमलाबाई उठल्याच.

“मारत्यात त्याला! अगं, मारत्यात!”

“मारत नाहीत आजी, नाच आहे तो. बघा तरी.”

“असला कसला नाच? दावणीची जनावरं सुटल्यासारखा!” त्यांनी नारळ पिशवीतून बाहेर काढला. त्या नारळाचं त्या काय करणार होत्या कोण जाणे. त्यांचं पाऊल पुढं पडलं तेवढ्यात कुलदीप पडला. पाठीवर, सपशेल, पाय वर.

आणि हात आले. कुठून कुठून आले. गाणं थांबलं नाही, पण त्याच्याभोवतीची माणसं थांबली, एका पोरानं दोन्ही हात पसरून मागची गर्दी अडवली, दोघांनी काखेत हात घातले, एका मुलीनं पाठीवरची धूळ झटकली. जमीन लागली न लागली तोच तो उभा होता. कुणीतरी त्याचा सुटलेला बूट उंच धरून “कुणाचा, कुणाचा” ओरडत होतं.

“इथला नियमच आहे,” ऋता कानाशी म्हणाली. “कोणी पडलं की आधी उचलायचं. ओळख असो नसो.”

प्रेमलाबाई खोक्यावर खाली बसल्या.

गेल्या महिन्यात, अशाच रविवारी, त्या मोरीत पडल्या होत्या. साबणाच्या पाण्यावरून पाय गेला. पडल्यावर पहिलं त्यांनी लुगडं पायांवर ओढून घेतलं, कुणी आलं तर बरं दिसावं म्हणून. मग बराच वेळ तशाच राहिल्या. नळ टिपटिपत होता. हाक मारायची तर कुणाला? शेजारच्यांना ऐकू गेलं असतं, पण शेजारच्यांनी मोरीतून उचलून न्यावं, हे मनाला पटेना. शेवटी बादलीला धरून, भिंतीला धरून, गुडघ्यावर येऊन त्या उठल्या. अंग धुतलं, लुगडं बदललं, भाकऱ्या टाकल्या. संध्याकाळी कुलदीप आला, उभ्यानंच जेवला. कोपराला काय झालं, त्यानं विचारलं होतं. दार लागलं, त्या म्हणाल्या होत्या.

समोर कुलदीप एका पायात बूट नसताना उडत होता. दाढीवाल्यानं माइक गर्दीवर धरला आणि सगळ्यांसोबत तोही ओरडला. शब्द काय होते ते बाईंना लागले नाहीत. आवाज लागला. तो बारका असताना शाळेतून येताना जिन्याच्या खालच्या पायरीवरून “आई” म्हणून हाक ठोकायचा, तो हा आवाज. त्यांना वाटलं होतं की तो वाढत्या वयात जिरून गेला. तो इथं होता. पावण्याच्या गाळ्यात, नाव माहीत नसलेल्या माणसांत.

गाणं संपलं. कुलदीप बूट चढवत, चष्मा लावत मागं वळला आणि जागच्या जागी उभा राहिला. मग गर्दीतून वाट काढत आला. घामानं निथळत होता, कोपर खरचटलं होतं.

“आई? तू इथे कशी?”

“रिक्षानं.”

“काय झालं? घरी काही…”

“घरी काय व्हायचंय?”

तो त्यांच्या हातातल्या नारळाकडं पाहत राहिला. ऋताकडं पाहिलं. ऋतानं खांदे उडवले, हसली आणि म्हणाली, “काका, तुमची आई भारी आहे.” तो ओशाळून हसला. हसताना त्याची मान हौसेरावांसारखी तिरकी झाली.

प्रेमलाबाईंनी वाटेत रिक्षामध्ये काय काय जुळवून ठेवलं होतं. झाकलेलं ताट, काळे कपडे, लोकाचं अन्न. ते सगळं आता कुठं बसत नव्हतं. त्यांनी नारळ ऋताच्या हातात ठेवला. “तुमच्यात वाढवा,” म्हणाल्या. कुलदीप त्यांच्यापुढं जमिनीवर बसला, उकिडवा, लहानपणी बसायचा तसा. त्यांनी पदरानं त्याचं कपाळ पुसलं. तो मागं सरला नाही.

“घाबरलीस?” त्यानं विचारलं. आवाज पुरता बसला होता. “लागलं नाही गं मला. इथे कोणी लागू देत नाही.”

“बघितलं मी.”

“मग? शिव्या घाल ना. एवढी आलीयेस तर.”

ओट्यावर कुणीतरी तार जुळवत होतं. बाईंनी त्याच्या खरचटलेल्या कोपरावरची धूळ फुंकली, बराच वेळ फुंकत राहिल्या, आणि मग वर न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“शिव्या कशाला घालू? मानसानं पडावं तर असं, चारचौघांत पडावं. एकटीनं मोरीत पडन्यात काय बी राम न्हाई, कुलदीप.”