रविवारचा खिमा, सोमवारचं तेल

मित्रांनो, मला तोंड आहे, दात आहेत, पोट आहे. फक्त जीभ नाही. ती असती तर एका घरातलं दुःख मी एका वाक्यात थांबवलं असतं. पण लोखंडाला कोण विचारतो?

मी खिमा काढायचं जुनं मशीन आहे. गाझियाबादेत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, ओट्याखालच्या कपाटात, कुकरच्या शेजारी माझा मुक्काम असतो. वरून मटणाचे तुकडे घालायचे, बाजूचं हँडल फिरवायचं आणि समोरच्या जाळीतून खिमा पडताना बघायचा, एवढंच माझं काम. आजकालची पोरं मला पाहून विचारतात, "इसमें जूस निकलता है क्या?" मी काय उत्तर देणार!

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात उकळतं लोखंड ओतलं, थंड केलं, घासलं आणि वरून पांढरी कल्हई चढवली. मग मी दिल्लीला आलो आणि पहाडगंजमधल्या एका भांड्यांच्या दुकानात धूळ खात बसलो. एके दिवशी एक नवं जोडपं आलं. अविनाश उजागरे आणि प्रभा. दोघं मूळचे अहमदनगरचे, मराठी ख्रिस्ती. अविनाशरावांची सरकारी ऑफिसात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी. त्यांनी मला उचललं आणि काउंटरवरच माझा एकेक भाग सुटा केला.

"अरे साहब, बिगाड़ोगे क्या?" दुकानदार ओरडला.

"अंदर क्या है, देखना तो पड़ेगा ना," अविनाशराव म्हणाले आणि मला पुन्हा जसंच्या तसं जोडून दाखवलं. प्रभाबाई लाजून पदराशी चाळा करत होत्या. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. रविवारी चर्चची उपासना आटोपली, की अविनाशराव ओळखीच्या कसायाकडून मोठ्याचं, म्हणजे म्हशीचं मटण आणायचे. कसाई खिमा करून द्यायला तयार असायचा, पण प्रभाबाई ऐकायच्या नाहीत. "त्याच्या मशीनमध्ये कालचं काय अडकलंय, देव जाणे," असं म्हणून त्या सगळं काम माझ्यावर सोपवायच्या. मला टेबलाच्या कडेला आवळलं जायचं. प्रभाबाई तुकडे घालायच्या आणि अविनाशराव हँडल फिरवायचे. बाईंचा हात माझ्या तोंडाजवळ आला, की ते दर वेळी थांबायचे. "बोटं सांभाळ," म्हणायचे. संसार जुना झाला, मुलगी सलोनी मोठी झाली, तरी ते वाक्य काही सुटलं नाही.

मग मटार घातलेला खिमा व्हायचा, कधी कटलेट व्हायची. दिल्लीतली मराठी मंडळी जेवायला यायची आणि बोटं चाटत राहायची. कुणी प्रभाबाईंच्या हाताची तारीफ केली, की अविनाशराव माझ्याकडे बोट दाखवायचे. "अर्धं श्रेय याचं." मी आतल्या आत फुगून जायचो. माझी कल्हई कधीच उडून गेली होती, पण मटणाच्या चरबीचा पातळ हात अंगावर कायम राहायचा, म्हणून गंज काय असतो ते मला ठाऊकच नव्हतं. बाई मला गरम पाण्यानं धुवायच्या, उपडं ठेवायच्या आणि विसरून जायच्या. मीही निवांत असायचो.

निवृत्तीनंतर उजागरे कुटुंब गाझियाबादला आलं. इथे मोठ्याचं मटण आणायचं म्हणजे लपवूनछपवून, पिशवीत पिशवी आणि वर कोथिंबिरीची जुडी. तरी अविनाशराव मेट्रोनं पहाडगंजपर्यंत जायचे, पण रविवार चुकू द्यायचे नाहीत. आणि मग एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या छातीत कळ आली.

ते वाचले. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की लाल मटण कायमचं बंद. ते घरी आले ते एखाद्या रुसलेल्या पोरासारखे. कोंबडीचा खिमा करून दिला, तो त्यांनी ताटात बाजूला सारला. पुढच्या आठवड्यात "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडले आणि परत आले तेव्हा शर्टावर तेलाचा डाग होता. प्रभाबाईंनी तो डाग ओळखला. बाहेरच्या ढाब्यावरचा तेलात पोहणारा खिमा खाऊन आले होते! त्या रात्री बाई स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून रडल्या. घरात खिमा मिळाला नाही, तर हा माणूस बाहेर जाऊन खाईल आणि आपल्या हातचा जाईल, ही भीती त्यांच्या मनात तेव्हा बसली ती बसलीच.

पुढच्या रविवारी त्यांनी सोयाबीनच्या वड्या आणल्या. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात भिजवल्या, घट्ट पिळल्या आणि मला टेबलाला आवळलं. वड्या हातानंही चुरता आल्या असत्या, पण बाहेरच्या खोलीत पडलेल्या नवऱ्याला माझा आवाज ऐकू जायला हवा होता. डॉक्टरांनी त्यांना हँडल फिरवायला बंदी केली होती, ते एक बरंच झालं. कांदा चांगला काळपट होईपर्यंत परतला, आलं-लसूण, घरचा मसाला, वर मटार. बाईंनी ताट नवऱ्यासमोर ठेवलं.

"थोडं आणलंय, कमी चरबीचं. डॉक्टरांना विचारून," त्या खोटं बोलल्या.

अविनाशरावांनी एक घास खाल्ला. सावकाश चावत राहिले. मग म्हणाले, "झकास झालाय, प्रभा. हाच करत जा."

तेव्हापासून त्यांनी बाहेरचं खाणं सोडलं. बाईंनाही मटण आवडायचं, पण त्यांनीही ते सोडलं. एकीकडे त्या निश्चिंत झाल्या, दुसरीकडे मनातून झुरायला लागल्या. सलोनी गुडगावहून आली, की तिच्याजवळ मन मोकळं करायच्या. "उपासनेत पापकबुलीची प्रार्थना आली ना, की माझा आवाजच फुटत नाही गं. देवासमोर बसते आणि घरी येऊन नवऱ्याला फसवते."

"मम्मी, यार, सांगून टाक ना पप्पांना."

"आणि पुन्हा ढाब्यावर गेले तर?"

सलोनीनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण ऐका आता, मी काय पाहिलं ते.

सोमवारी संध्याकाळी आमच्या भागात सोमबाजार भरतो. सोयाच्या पहिल्याच रविवारनंतरच्या सोमवारी प्रभाबाई तिथे भाजी आणायला गेल्या होत्या. आदल्या दिवशी मला धुऊन ओलं ठेवलं होतं, आणि अंगावर चरबी नसल्यामुळे माझ्या ओठावर तांबूस ठिपके उमटले होते. अविनाशराव बिस्किटं शोधत ओट्याखालच्या कपाटात डोकावले. मला पाहून थबकले. उचलून टेबलावर ठेवलं आणि पहाडगंजच्या दुकानात केलं होतं तसंच मला सुटं केलं. जाळीच्या एका भोकात सोयाचा फिकट कण अडकला होता. त्यांनी तो नखानं काढला, वास घेतला, जिभेवर ठेवला.

ते स्टुलावर बसले. आधी हसले. मग चष्मा काढून डोळे पुसले. "वेडी कुठली," एवढंच म्हणाले. मग माझे ठिपके मिठानं घासून काढले, मला कोरडं केलं आणि जुन्या बनियनच्या तुकड्यानं मोहरीचं तेल लावलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मशीनराव, आपण दोघांनी काही पाहिलं नाही. काय?"

मित्रांनो, त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही. बाई बाजारात गेल्या, की अविनाशराव बुटाच्या पॉलिशचा डबा काढायचे. त्यात तो तुकडा, तेलाची लहान बाटली आणि एक जुना टूथब्रश असायचा. मला आतून बाहेरून तेल लावून ते पुन्हा कपाटात ठेवायचे, अगदी बाईंनी ठेवलं असेल तसंच उपडं. सोया गंज चढवायचा आणि ते उतरवायचे. रविवारी त्या खोटं वाढायच्या आणि ते खोटं खाऊन तारीफ करायचे. दोघांचंही सगळं मला ठाऊक होतं. त्या घरात एकटा मीच असा होतो, ज्याला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि नेमका मीच मुका.

अशी काही वर्षं गेली. ती वर्षं सोयानं दिली, की प्रेमानं, ते मला सांगता येणार नाही. पण शेवटी अविनाशरावांचं हृदय थकलं. मायलेकींच्या बोलण्यातून मला कळलं, की हॉस्पिटलात डॉक्टरांनी सलोनीला बाजूला घेऊन सांगितलं, "अब जो मन करे, खिलाइए।" अविनाशरावांनी विचारलं होतं, "आज रविवार ना? खिमा आण, प्रभा."

प्रभाबाई एकट्या मेट्रोनं पहाडगंजला गेल्या. त्या जुन्या कसायानं त्यांना ओळखलं. "भाभीजी, इतने साल बाद? साहब कैसे हैं?" बाईंनी नुसती पिशवी पुढे केली, असं त्या घरी आल्यावर सलोनीला सांगत होत्या. कित्येक वर्षांनी माझ्या दातांखाली खरं मटण आलं. मी जीव तोडून काम केलं. बाई हँडल फिरवत होत्या, दुसऱ्या हातानं तुकडे घालत होत्या, आणि "बोटं सांभाळ" म्हणायला कुणी नव्हतं. डबा भरून त्या धावत गेल्या.

परत आल्या तेव्हा डबा भरलेलाच होता. सलोनीनं तो हातातून घेतला. बाई स्वयंपाकघराच्या जमिनीवरच बसल्या.

"दोन घास खाल्ले गं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'प्रभा, नेहमीचा नाही आणलास?' त्यांना खरी चवच कळली नाही, सलोनी. इतकी वर्षं मी त्यांना खोटं खायला घातलं, जीभ मारून टाकली त्यांची. खरं दिलं तेव्हा उशीर झाला होता."

मी टेबलावर होतो. मी ओरडत होतो, की बाई, तसं नाही हो, तसं नाही! पण माझ्या तोंडातून आवाज निघायला कुणीतरी हँडल फिरवावं लागतं. त्याच आठवड्यात अविनाशराव गेले.

नंतर पुष्कळ दिवस घरात चूल नावापुरती पेटायची. बाई नीट जेवत नव्हत्या. खरं मटण देऊनही नवरा अतृप्त गेला, हे त्यांना आतून खात होतं. शेवटी सलोनीनंच एका रविवारी हट्ट धरला. "मम्मी, खिमा कर ना. सोयाचाच कर, पप्पांसारखा." बाईंनी केला. मला धुतलं आणि नेहमीप्रमाणे ओलंच कपाटात ठेवलं. सोमवार आला. बाई बाजारात गेल्या. कपाटाचं दार उघडेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. मित्रांनो, माणूस गेला हे मला त्या दिवशी खरं कळलं.

पुढच्या रविवारी बाईंनी मला बाहेर काढलं आणि दचकल्या. ओठ, जाळी, पाती, सगळीकडे तांबडा गंज. बोट लावलं तर बोट रंगलं.

"हे काय? याला कधी गंज चढला नव्हता!"

"तू तेल लावलं नसशील," सलोनी म्हणाली.

"तेल? मी कधीच लावलं नाही गं याला."

"मग इतके दिवस कसं चाललं?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग काही आठवून झटकन उठल्या. निवृत्तीनंतर अविनाशराव नुसत्या चपला घालायचे, तरी त्यांचा पॉलिशचा डबा बाल्कनीतून कधी हलला नव्हता. बाईंनी तो आणून उघडला. आत पॉलिश नव्हतं. बनियनचा तुकडा होता, तेलाची बाटली होती, टूथब्रश होता. ब्रशच्या केसांत सोयाचे वाळलेले कण होते.

सलोनीनं डब्यात डोकावून पाहिलं. मग बाईंनी तो तुकडा नाकाशी नेला आणि त्यांचा बांध फुटला.

"यांना माहीत होतं, सलोनी! पहिल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी ते माझ्या हातचा सोयाचाच मागत होते. तोच त्यांचा नेहमीचा होता. आणि मी तो न देता दुसराच नेला गं!" मग माझ्यावर डोकं टेकून म्हणाल्या, "अहो, एकदा तरी म्हणायचं होतं. एकदा म्हणाला असतात ना, की मला कळलंय, तर आपण दोघं मिळून हसलो असतो."

त्यांचे अश्रू माझ्यावर पडत होते. खारं पाणी लोखंडाला वाईट, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आता त्या माझ्यातून खिमा काढत नाहीत. पण सोमवारी संध्याकाळी बाजारात जायच्या आधी मला काढतात, त्याच तुकड्यानं तेल लावतात आणि हलक्या हातानं हँडल एकदा फिरवून बघतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी लोखंडी म्हातारं असेल, तर त्याला धुतल्यावर कोरडं पुसा आणि थोडं तेल लावा. आणि कुणी तुमच्यासाठी गुपचूप काही करत असेल, आणि ते तुम्हाला कळलं असेल, तर तुम्हीही गुपचूप बसू नका. त्याच्याजवळ जाऊन सांगा, की मला कळलंय. आमच्या घरी ते सांगायचं राहून गेलं.