ओ

मॅरितने शोधाच्या चौकटीत स्वतःचंच नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर पिवळ्या खुणा उमटल्या. कवितांच्या चोवीस पानांत एकोणीस.

"एकोणीस!" शेजारच्या खुर्चीतून रोवन म्हणाले. "अगं, निवडणुकीला उभी आहेस की काय?"

रोवन डुलुथ गावच्या या वाचनालयात बावीस वर्षं काम करत होते. ते ना बाई म्हणवून घेत, ना पुरुष. गावाच्या तोंडी 'ते' बसायला दोन हिवाळे जावे लागले, पण बसलं. स्त्रिया आणि नॉन-बायनरी कवींच्या छोटेखानी संग्रहांची ही स्पर्धा त्यांनीच मॅरितला सुचवली होती. निवडलेला संग्रह छापून निघणार होता. मुदत आज पाचपर्यंत. नियम एकच कडक होता: कवीचं नाव हस्तलिखितात कुठेही दिसता कामा नये.

"पहिल्या पानावरचं काढलं होतं मी," मॅरित म्हणाली. "कवितांच्या आतलं लक्षातच आलं नाही."

"माझं गेल्या वर्षी असंच झालं. एका कोपऱ्यात नाव राहिलं आणि वाचायच्या आधीच बाद. काढून टाक सरळ."

"ते कसं काढू? आईची हाक आहे ती."

तिच्या आईने, आर्डिसने, तीस वर्षं शाळेची बस चालवली. दारातून चढणाऱ्या प्रत्येक मुलाला ती नावाने हाक मारायची, आणि घरी आल्यावरही तोच आवाज. मॅरित, टोपी कुठाय? मॅरित, तलाव गोठला का ते बघ. मार्चमध्ये ती गेली. तेव्हापासून मॅरित ती हाक कागदावर धरून ठेवत होती.

"दुसरं नाव घालून बघ," रोवन म्हणाले. "इन्ग्रिड?"

मॅरितने घातलं आणि मोठ्याने वाचलं. "इन्ग्रिड, टोपी कुठाय?"

"छे!" रोवन म्हणाले. "ही तर शेजारणीची पोर."

दोघंही हसली. घड्याळात साडेचार झाले होते. रोवननी थर्मासमधली कॉफी तिच्या कपात ओतली आणि सहज विचारलं,

"शेवटी शेवटी काय म्हणायची गं तुला?"

मॅरित कप फिरवत राहिली. मागच्या हिवाळ्यात आईच्या आठवणीतली नावं एकेक करून गेली. आधी बसमधली मुलं, मग शेजारी, मग मॅरित. मॅरित रोज दुपारी वृद्धाश्रमात रानतांदळाचं सूप घेऊन जायची. आई खुश होऊन म्हणायची, आली गं सूपवाली! आणि मॅरित दर वेळी डबा उघडायच्या आधी दुरुस्त करायची, मी मॅरित, आई. त्या हाकेला तिने एकदाही ओ दिली नाही. त्या हिवाळ्यावर संग्रहात एकही कविता नव्हती.

"सूपवाली," ती अखेर म्हणाली.

या वेळी रोवन हसले नाहीत.

"तिथल्या नर्स सांगायच्या, अकरापासून दाराकडे तोंड करून बसते म्हणून. सूपवाली आली का, सूपवाली आली का. नुसता पिच्छा पुरवायची." मॅरितने कप खाली ठेवला. "माझं नाव आठवायचं नाही तिला. पण अकरा वाजलेले बरोबर कळायचे."

तिने कळफलक पुढे ओढला. सगळी नावं एका फटक्यात बदलता आली असती, तसं तिने केलं नाही. एकेका पानावर थांबून, वाचून बदललं. सूपवाली, टोपी कुठाय? सूपवाली, तलाव गोठला का ते बघ. कवितांमधली, बर्फात उभी असलेली सात वर्षांची मुलगी त्या हाकेला बिनतक्रार वळून बघत होती. इतकी वर्षं जणू तिचं नाव तेच होतं.

पाचला आठ मिनिटं कमी असताना संग्रह गेला. उत्तर लगेच आलं: आम्ही आपले आभारी आहोत. आपला क्रमांक दोनशे सहा.

"तुम्ही कसले आभारी?" मॅरित पडद्याकडे बघत पुटपुटली आणि तळहाताने डोळे पुसले.

रोवन पलीकडच्या टोकाचे दिवे मालवत आले होते. दारापाशी किल्ल्या वाजल्या.

"चल गं सूपवाली, कुलूप लावायचंय!"

"ओ," मॅरित म्हणाली. "आले, आले."

आणि ती टोपी शोधू लागली.