मऊ पाठीचं कासव

मित्रांनो, मी एक लहान चांदणी कासव आहे. कासव म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शंभर वर्षांचं म्हातारं कासव येत असेल. माझं वय जेमतेम दोन वर्षं. पण तेवढ्यात मी इतके हात पाहिले की, आता कुठलाही हात जवळ आला की माझी मान आपोआप आत जाते. मी संशयी आहे, हे कबूल करतो. हा संशय मला कसा जडला, ते ऐका.

माझा जन्म इथून फार दूर, कोरड्या माळावर झाला. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या घेऊनच मी अंड्यातून बाहेर आलो. वाळलेल्या गवतात त्या चांदण्या कुणाला दिसत नाहीत. एका माणसाला मात्र दिसल्या. त्याने मला उचललं आणि एका मोज्यात कोंबलं. बाहेर पडलो तो ठाण्यातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथे दिवा कमी आणि कुजबुज जास्त. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगायचा, "पाण्यात ठेवा, कोबी घाला. याला काही लागत नाही."

तिथून मला गुरुदत्त यांनी घरी नेलं. ते विमा कंपनीत नोकरीला. बाळकुमला अकराव्या मजल्यावर त्यांचं घर. बायको शुभदा आणि बारा वर्षांची मुलगी देवयानी. उत्तरेला जिवंत कासव ठेवलं की घराला स्थैर्य येतं, असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मला काचेच्या वाडग्यात पाण्यात ठेवलं गेलं. खाली निळे गोटे. देवयानीने माझं नाव चांदू ठेवलं.

मित्रांनो, मी जमिनीवरचं कासव. मला पोहता येत नाही. त्या वाडग्यात मी गोट्यांवर पंजे टेकून, मान वर ताणून उभा राहायचो. घरच्यांना वाटायचं, काय ऐटीत बघतो हा.

हे पहिल्यांदा ओळखलं ते सखुबाईंनी. त्या घरी भांडी घासायला यायच्या. जुन्या बाळकुम गावातल्या, खाडीकाठी वाढलेल्या. आठवडाभर बघून एके दिवशी वाडग्यापाशी थांबून म्हणाल्या, "दादा, यो सुक्यावरचा कासव हाय. पाय बगा त्याचे, हत्तीवानी. पान्यान कनाला ठेवलाव?"

त्या गेल्यावर गुरुदत्त शुभदाला म्हणाले, "हिला बरं एवढं कळतं. चार घरी जाऊन सांगणार बघ."

शुभदाने मात्र त्याच दिवशी पाणी ओतून टाकलं. मला एका पसरट टबात वर्तमानपत्रावर ठेवलं. मी पाय पसरून झोपलो, कितीतरी दिवसांनी.

पण खरा त्रास त्यानंतरच सुरू झाला. गुरुदत्त यांनी मोबाइलवर वाचलं की, चांदणी कासव विकणं आणि घरात पाळणं, दोन्ही गुन्हा आहे. त्या दिवसापासून त्या घरात संशय राहायला आला. बाल्कनीचा पडदा दिवसभर ओढलेला. दाराची बेल वाजली की माझ्या टबावर चादर. गॅसवाला आला तरी चादर, सोसायटीचा रंगारी आला तरी चादर. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आपल्याच खिडकीकडे का बघतात, यावर एकदा जेवताना चर्चा झाली.

"कोणी विचारलं तर शोपीस आहे म्हणायचं," गुरुदत्त यांनी बजावलं.

"बाबा, शोपीस मेथी खातं का?" देवयानी म्हणाली. त्यांना हसू आलं नाही.

मीही काही कमी संशयी नव्हतो. गुरुदत्त यांचा हात आला की अंधार व्हायचा. देवयानीचा हात आला की जग उलटं व्हायचं, कारण माझं पोट बघायला तिला फार आवडायचं. सगळ्यांत जास्त भीती मला वाटायची ती शुभदाची. ती दर रविवारी मला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची. त्याच काट्यावर ती लाडवांसाठी रवा मोजायची. मला वाटायचं, एखाद्या रविवारी माझंही काहीतरी करतील. ती कॅलेंडरवर आकडा लिहायची, मागच्या आकड्याशी ताडून बघायची. मी तिच्यावर डोळा ठेवून असायचो. माझं वजन वाढत नाही, याचाच तिला घोर लागला होता, हे मला फार उशिरा कळलं.

दोन महिने झाले. माझे पाय जड झाले. मेथीचं पान समोर असूनही तोंड उघडवेना. मग एका सकाळी डोळेच उघडेनात. शुभदाने मला उचललं आणि पाठीवर अंगठा टेकला. माझी पाठ भिजलेल्या पापडासारखी दबली.

"याला ऊन शेवटचं कधी मिळालं?" तिने विचारलं.

पडदा तेव्हाही ओढलेलाच होता.

गुरुदत्त ऑफिसला गेल्यावर तिने मला बुटाच्या खोक्यात रुमालावर ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि माजिवड्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांचं नाव अमृता. बोलणं थोडं, हात उबदार. पण त्या हातावरही मी विश्वास ठेवला नाही.

"कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं.

"माझ्या भावाने दिलं."

अमृता यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मी पोलीस नाही. पण तुम्ही खोटं सांगितलंत तर माझं औषध चुकेल. किती दिवस आहे, काय खातो, कुठे ठेवता, सगळं खरं सांगा."

मग शुभदाने सगळं सांगितलं. चादरीचंही.

"उन्हाशिवाय याची पाठ कडक होत नाही," अमृता म्हणाल्या. "काचेतून येणारं ऊन चालत नाही. रोज सकाळी उघड्यावर, पण शेजारी सावली पाहिजे, नाहीतर भाजून निघेल. खाली माती आणि सुकं गवत. लपायला आडोसा. दुर्वा, जास्वंदीची पानं, शेवग्याचा पाला घाला. कोबी, पाव, दूध अजिबात नको. कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. आणि सारखं उचलू नका. तुम्हाला ते लाड वाटतात, त्याला वाटतं घारीने उचललं."

हे ऐकताना मी मान किंचित बाहेर काढली होती.

"बरा झाला की मात्र हा तुमच्याकडे राहणार नाही," त्या पुढे म्हणाल्या. "याला वनखात्याच्या ताब्यात द्यावं लागेल. हे मी लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका." आणि त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला.

त्या आठवड्यात बाल्कनीचा पडदा उघडला. सखुबाईंनी सुक्या मासळीच्या बाजारातून माकुल माशाचं पांढरं हाड आणलं. त्याचा चुरा पाल्यावर भुरभुरला की पाठीला बळ येतं, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. देवयानीने मला उचलणं सोडलं. ती जमिनीवर पालथी पडून नुसती बघत बसायची. तिसऱ्या आठवड्यात मी अख्खं जास्वंदीचं फूल खाल्लं.

गुरुदत्त मात्र बदलले नाहीत. "त्या डॉक्टरने पत्ता लिहून घेतला?" त्यांनी विचारलं.

"घेतला. मीच दिला," शुभदा म्हणाली.

शनिवारी दुपारी शुभदा आणि देवयानी बाहेर गेल्या, तेव्हा गुरुदत्त यांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि ते रिक्षाने तलावपाळीला आले. पायऱ्या उतरून पाण्याशी वाकले. मित्रांनो, ते दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला मोकळं करताहेत. "जा बाबा. सुटलास," असं हळूच म्हणून त्यांनी मला पाण्यात सोडलं.

मी दगडासारखा खाली गेलो. पाय झाडले, पण पायाखाली काहीच नव्हतं. नाकातोंडात पाणी शिरलं. वर फक्त हिरवा उजेड आणि त्यात वाकलेली त्यांची सावली. मी पोहत निघेन म्हणून ते वाट बघत होते.

मग ती सावली फुटली. ते ऑफिसच्या पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. शेवाळावरून दोनदा घसरले, हाताने तळ चाचपडला आणि मला वर काढलं. पायऱ्यांवर माणसं जमली. एका आजोबांनी दरडावून विचारलं, "काय टाकलंत हो पाण्यात?"

शोपीस, असं ते सहज म्हणू शकले असते. मी त्याचीच वाट बघत होतो.

"कासव आहे," ते म्हणाले. "माझं आहे. त्याला पोहता येत नाही. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

तसेच ओले ते माजिवड्याला गेले. अमृता यांनी मला डोकं खाली करून धरलं, तेव्हा पोटातलं पाणी थेंबाथेंबाने बाहेर आलं. गुरुदत्त कोपऱ्यात उभे होते, त्यांच्या पँटचं पाणी लादीवर गळत होतं.

"सोमवारी वनखात्यात जाऊ. मी बरोबर येते," अमृता म्हणाल्या.

"माझं काय होईल?"

"ते मला माहीत नाही. याचं काय होईल, ते माहीत आहे. हा जगेल."

सोमवारी खोकं गुरुदत्त यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. ते जबाब देत असताना शुभदा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिलाही संशय होताच. पण त्यांनी दुकान सांगितलं, मागची खोली सांगितली, चादर आणि तलावही सांगितला. त्या खोलीतून पुढे आणखी एकोणीस कासवं निघाली. गुरुदत्त यांच्यामागे चौकशी लागली ती लागलीच, तिच्यातून ते अजून सुटलेले नाहीत. निघताना देवयानीने मला हात लावला नाही. तिने फक्त खोक्याचं झाकण नीट आहे ना, ते पाहिलं.

मित्रांनो, आता मी वनखात्याच्या एका मोठ्या आवारात राहतो. माती आहे, ऊन आहे, इतर कासवं आहेत. माझी पाठ टणक झाली आहे. तुम्हाला एवढंच विनवतो, चांदण्या आवडल्या म्हणून आम्हाला विकत घेऊ नका. आणि तुमच्या घरात कुठलाही मुका जीव आणणार असाल, तर त्याला काय लागतं, ते आधी विचारा, आणि सांगणारा कोण आहे ते न बघता ऐका.

इथे रतन नावाचे एक काका पाला घालायला येतात. पाला ठेवून लगेच मागे सरतात, कधी हाक मारत नाहीत. त्यांना बघितलं की मी अजून मान आत घेतो. परवा ते इथल्या डॉक्टरांना समाधानाने म्हणाले, "हा अजून कुणावर विश्वास ठेवत नाही. म्हणजे याला माळावर सोडायला हरकत नाही."