विश्रांतीचे चौकोन

पैलवानाला पळायला सांगितलं तेव्हा तो हसला होता. वय सेहेचाळीस, वजन शहाण्णव, आणि धंदा लोकांची बिऱ्हाडं हलवण्याचा. फ्रिज पाठीवर घेऊन चार मजले चढतो म्हणून गोदामात त्याला पैलवान म्हणत. असल्या माणसाने चड्डी घालून रस्त्यावर पळायचं म्हणजे बैलाला नाचायला लावण्यापैकीच. पण डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या.

"तुमची किडनी बहिणीला जुळते," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. बारा आठवड्यांत दहा किलो तरी उतरवा. आणि मला विचारल्याशिवाय कुठलंही औषध घ्यायचं नाही."

"औषध? अहो, मी तापाचीसुद्धा गोळी घेत नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

बारा आठवडेच का, हे विचारायची गरज नव्हती. आठवड्यातून तीनदा ताईला यंत्राला जोडून तिचं रक्त स्वच्छ करावं लागे, दर वेळी चार तास. तिच्या हातांच्या शिरा आता साथ देईनाशा झाल्या होत्या. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, ताई सतरा. लग्नबिग्न बाजूला ठेवून, शाळेत शिकवून तिने त्याला वाढवलं होतं. किडनी काय, तिने मागितलं असतं तर त्याने काळीज काढून दिलं असतं.

नर्सने त्याला नवशिक्यांसाठीचा पळण्याचा तक्ता दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार: एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. उरलेल्या चौकोनांत नुसतं 'विश्रांती' छापलेलं. ताईने तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आणि शेजारी दोऱ्याला तांबडी पेन्सिल बांधली. आजारपणात नोकरी सोडली म्हणून मास्तरीण थोडीच सुटते?

पहिल्या दिवशी पैलवान चाळीस सेकंदांत खांबाला धरून उभा राहिला. तरी ताईने चौकोनात बरोबरची खूण केली.

"चाळीस सेकंदांना पूर्ण मार्क?" त्याने विचारलं.

"प्रयत्नाचे दिलेत. उद्या मात्र आराम. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, असं करू नकोस, बाळ्या."

पण नेमकं तेच झालं, आणि त्याला कारण होतं. सामान हलवणाऱ्यांचा एक नियम असतो: जिन्यात मध्येच ओझं टेकवायचं नाही. टेकवलं की पुन्हा उचलवत नाही. वीस वर्षं याच नियमावर जगलेल्या माणसाला मधले रिकामे चौकोन बघवेनात. त्यात तक्त्यावरची विश्रांती मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. आणि ताईचे यंत्राचे वारही तेच. ती तिकडे सुया टोचून घेणार आणि आपण घरी तंगड्या पसरून बसायचं? तिला दवाखान्यात सोडलं की तो मागच्या रस्त्याने पळू लागला. तक्त्यावर याची खूण नव्हती. ताईला त्याने सांगितलंच नाही.

वजन भराभर उतरलं. पाचव्या आठवड्यात नडगीचं हाड ठणकू लागलं. सहाव्यात पहाटे अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागली. शहाणा माणूस इथे थांबला असता. पैलवान गोदामातल्या डब्याकडे वळला.

पाण्याच्या टाकीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे, आणि त्यात कंबरदुखीच्या गोळ्या. मुकादम त्या खोक्यानेच आणायचा. सकाळी पाणी पिताना एक टाकायची, जास्त जिने असले तर दुपारी आणखी एक. शेंगदाणे खावेत तशा सगळे खात. त्या गोळीला औषध म्हणावं असं तिथे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. पैलवानाला मध्ये खोकला झाला, तर डॉक्टरीणबाईंचा शब्द पाळून त्याने खोकल्याच्या औषधाला हात लावला नाही, नुसतं गरम पाणी पीत राहिला. आणि डब्यातल्या गोळ्या आधी दोन, मग चार, मग सहा. इतका आज्ञाधारक आणि इतका मूर्ख माणूस शोधून सापडायचा नाही.

बारावा आठवडा संपला. सोमवारी तो दवाखान्यात काट्यावर उभा राहिला. चौऱ्याऐंशी! नर्सने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई मात्र रक्ताचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"तुमच्या किडन्या तीन महिन्यांपूर्वी उत्तम होत्या," त्या म्हणाल्या. "आता नाहीत. कसली गोळी घेता?"

"कसलीच नाही."

"लंगडताय. पाय दुखतो म्हणून काही?"

"ती होय... ती कंबरेची. सगळेच घेतात."

"दिवसाला किती?"

त्याने बोटं मोजली. एका हाताची पुरली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असल्या दुखण्याच्या गोळ्या किडनीच खातात. त्या बंद करा, पूर्ण आराम करा. तुमच्यापुरत्या किडन्या सुधारतील. पण यातली एक मी काढून घेऊ शकत नाही. आता नाही, नंतरही नाही."

"मग ताई?"

"दुसऱ्या किडनीसाठी यादीत नाव घालू. चार-पाच वर्षं लागतात." ताईकडे तेवढी वर्षं नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी ताई तक्त्यापाशी पेन्सिल घेऊन उभी होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"मंगळवारीही पळायचास?"

"हो."

"गुरुवारी? शनिवारी?"

"तू तिकडे पडलेली असायचीस. मला बसवेना गं."

ताईने पेन्सिल हिसका देऊन तोडली आणि त्याच्या अंगावर फेकली. इतक्या वर्षांत तिने त्याच्यावर कधी काही फेकलं नव्हतं.

"गाढवा! सुया टोचल्या की मी डोळे मिटून एकच म्हणायचे, आज माझ्या बाळ्याच्या पायांना आराम आहे. त्याच्यावर माझे ते चार तास जायचे." मग ती खाली बसली आणि रडली. तोही रडला. पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि पाय त्याचा नव्हता, तिचा होता.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. त्याने तिला दवाखान्यात नेलं. नर्सने सुया टोचल्या, यंत्र सुरू झालं. तो दाराकडे गेला नाही, तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. मग ताईने मोकळ्या हाताने खाटेच्या पायथ्याची जागा दाखवली.

"पाय वर घेऊन बस," ती म्हणाली.

तो पाय वर घेऊन बसला.