जिभेवरचा अंगारा

मोरिवलीत महिपतीच्या पडवीत दर गुरुवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. महिपती आधी एका कंपनीत मशीन चालवायचा. कंपनी बंद पडली आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या अंगात देवी यायला लागली. देवीलाही रिकामा माणूस बरोबर सापडतो म्हणायचं.

त्या गुरुवारी त्याच्यासमोर तुळशीची नऊ वर्षांची लेक जिज्ञासा बसली होती. तिच्या गळ्याच्या मधोमध सुपारीएवढी गाठ होती. महिपतीनं अंगाऱ्याची चिमूट उचलली आणि पोरीला जीभ पुरी बाहेर काढायला लावली. अंगारा जिभेवर पडला आणि गाठ सर्रकन वर सरकली. बायांनी हात जोडले. तुळशीनंही जोडले, कारण तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आईचा अंगारा गाठीला खेचतो," महिपती घुमत म्हणाला. "आत बाहेरचं बसलंय, फुल पॉवरचं हाय. पुढच्या गुरुवारी तापल्या विळ्याचा डाग देऊ."

जिज्ञासानं आईचा पदर घट्ट धरला. तिचा बाप हरिचंद्र मात्र मान डोलावून मोकळा झाला. डाग काही त्याच्या गळ्याला बसणार नव्हता.

सोमवारी तुळशीनं पॅकिंगच्या कामावर दांडी मारली आणि लेकीला उल्हासनगरला डॉक्टर भूपेश यांच्याकडे नेलं. गळ्याच्या गाठींची ऑपरेशनं ते रोज करत. त्यांनी गाठ चाचपली आणि म्हणाले, "बेटा, जीभ बाहेर काढ." गाठ वर सरकली. अंगारा नाही, घुमणं नाही, काहीच नाही.

मग तुळशीनं महिपतीचं सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाळ पोटात असताना थायरॉइडची ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि खाली गळ्यात उतरते. ती वाट नंतर बुजते. हिची थोडी राहिली, त्यात पाणी साठलं. गाठ अजून जिभेला बांधलेली आहे, म्हणून जीभ बाहेर आली किंवा घोट गिळला की ती वर जाते. हम तो इसी से पहचानते हैं."

सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर दिसली, गाठीत नुसतं पाणी होतं. गाठ साधी होती. ऑपरेशनमध्ये ती सगळी वाट आणि तिच्या मधला हाडाचा छोटा तुकडा काढायचा, नाहीतर गाठ परत येते, असं डॉक्टर म्हणाले. डाग दिला तर जखम चिघळेल, गाठीत पू होईल, हेही त्यांनी बजावलं.

घरी हरिचंद्रनं ऐकून घेतलं नाही. आपण डोळ्यांनी बघितलंय, एवढंच तो बोलत राहिला. तुळशीला राग आला, पण तिनं ओळखलं की डोळ्यांनी बघितलेलं डोळ्यांनीच खोडावं लागणार.

गुरुवारी चुलीत विळा लाल झाला होता. तुळशी लेकीला घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिली आणि महिपतीच्या ताटातला अंगारा तिनं सरळ उचलला. तो जिज्ञासाच्या खालच्या ओठाला फासून तिला म्हणाली, "जीभ आत ठेव. गिळू नको."

मग ती महिपतीकडे वळली. "आता खेचा गाठीला."

महिपती घुमला, ओरडला, त्यानं लिंबू फिरवलं. गाठ ढिम्म हलली नाही. तुळशीनं पदरानं ओठ स्वच्छ पुसला. "आता काढ जीभ." गाठ वर गेली.

"आता माझ्या अंगात कोण आलंय, सांगा."

पुढे बसलेली म्हातारी द्रौपदी म्हणाली, "फिरून कर गं पोरी." पोरीनं पाच वेळा करून दाखवलं. शेवटी तर तिला मजाच यायला लागली.

आई कोपली, असं महिपती म्हणाला. तुळशीचा आवाज चढला. "कोपू दे. माझ्या लेकीला विळा लागला तर मी पोलिसात जाईन, आणि तिथंही हेच करून दाखवीन."

मागे बसलेला हरिचंद्र उठला. त्यानं कोपऱ्यातली कळशी उचलली आणि विळ्यावर ओतली.

ऑपरेशन नीट झालं. गळ्यावर फक्त एक बारीक रेघ राहिली आणि काढलेली गाठ साधीच असल्याचा लॅबचा रिपोर्ट आला. हा आपल्याच अंगाऱ्याचा गुण, असं महिपती सांगायला लागला होता. कामावरच्या बायांनी विचारलं की तुळशी एवढंच सांगते, हात जोडायच्या आधी अंगारा एकदा बाजूला ठेवा आणि बघा काय होतं ते. कुणाचंही ऐकून नको, माझंही नको.

शाळेत जाताना महिपतीची पडवी लागते. ऑपरेशननंतर शाळेत निघाली त्या पहिल्याच दिवशी जिज्ञासा तिथं थांबली, महिपतीकडे बघून तिनं लांबलचक जीभ काढली, आणि गळ्यात काहीच वर सरकलं नाही.