शेजारच्या खोबणीतला भाऊ

मी एन्झाइम बोलतोय! शाळेच्या पुस्तकात मला विकर म्हणतात, पण त्या नावानं हाक मारलीत तर मी ओ देईनच असं नाही. माणसाच्या यकृतात एक नको असलेला पदार्थ साठू लागला की तो तोडून मार्गी लावायचा, हा आमचा घराण्याचा धंदा. एका थेंबात आम्ही असंख्य असतो, पण सगळ्यांचा स्वभाव एकच, म्हणून बोलतो मी एकटाच. आणि आज तर बोलल्याशिवाय राहवतच नाहीये!

गंमत ऐका. मी माणसाचा, पण जन्म माझा जिवाणूच्या पोटी. मला घडवायची कृती माणसाकडून उचलून एका जिवाणूत घातली आणि तो बिचारा मला आपलाच समजून घडवत बसला. वर मला एक छोटं शेपूटही जोडलं. त्या शेपटाला धरूनच मला परक्यांच्या गर्दीतून बाहेर ओढलं, धुतलं आणि चिमुकल्या नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. माणसाच्या अंगातल्या माझ्या भाईबंदांना शेपूट नसतं. मी मात्र ते मिरवतो.

मला घडवलं ताईनं. प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. ती मला बर्फात ठेवते आणि नळी बोटांनी अगदी अलगद उलटी-सुलटी करते. जोरात हलवलं की मला फेस येतो, माझी घडी विस्कटते आणि मी कामातून जातो. आहे माझा स्वभाव नाजूक, काय करणार!

मग एक दिवस मला भाऊ झाला. इस्पितळात एक तान्ही मुलगी होती. तिच्या रक्तात तोच नको असलेला पदार्थ रोज चढत होता, कारण आम्ही एन्झाइम म्हणजे मण्यांची माळच, आणि तिच्या अंगातल्या माळेत एक मणी चुकीचा होता. ताईनं हुबेहूब तसाच एक भाऊ घडवला. डॉक्टरांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की एका जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला तर हा कामाला लागेल का? लागला तर औषधावर भागेल, नाही तर एवढ्याशा जिवाचं यकृत बदलायचं मोठं ऑपरेशन.

प्लॅस्टिकच्या ताटलीत ओळीनं खोबण्या असतात. एकीत मी, शेजारी तो. काम झालं की पाणी जांभळं होतं. मी झटक्यात जांभळा झालो आणि जरा ऐटीत शेजारी पाहिलं. भाऊ पाण्यासारखा कोरा. ताईनं त्यात जीवनसत्त्वाचा थेंब सोडला आणि काय सांगू, तोही जांभळा होऊ लागला!

"झालं, ताई! लाव फोन!" ताईचा सहकारी ओरडला. त्याला सगळे उतावळा म्हणतात.

"तीनदा झाल्याशिवाय झालं म्हणायचं नाही," ताई म्हणाली. "आणि दर वेळी शेजारी धडधाकट भाऊ हवाच. नाही तर डॉक्टर विचारतील, कशाच्या मानानं?"

दुसऱ्यांदाही जमलं. तिसऱ्या वेळी उतावळ्यानं मदत म्हणून माझ्या सगळ्या नळ्या बाहेर काढल्या आणि इतर द्रावणांसारख्याच थरथरत्या यंत्रावर धरल्या. फेसच फेस!

"अरे, काय केलंस हे! याला हलवायचं नसतं रे!"

"बाकी सगळं असंच तर हलवतो ना आपण..." त्याचं तोंड एवढंसं झालं.

मला नव्यानं घडवायचं तर आठवडा जातो. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. पोरीच्या रक्तातला आकडा पुन्हा वाढला होता, डॉक्टरांना थांबवत नव्हतं.

ताईनं फ्रीझरमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. अगदी मागे, बर्फात रुतलेली एक नळी हाताला लागली. त्यात मी होतो! पण एकदा वितळून पुन्हा गोठलेला, म्हणजे बहुधा अर्धमेला. मला खरंच भीती वाटली. मीच फिका पडलो तर भावावर विश्वास कोण ठेवणार?

मला खोबणीत सोडलं. पाणी कोरंच. उतावळा नखं खात होता. मी होतं नव्हतं ते बळ लावलं आणि हळूहळू जांभळा झालो! शेजारी भाऊही झाला, माझ्याहून फिका, पण झाला!

"झालं," ताई म्हणाली आणि डोळे पुसत फोन लावला. डॉक्टरांनी ऐकलं आणि फोन मुलीच्या आईकडे दिला.

"म्हणजे तिच्यात आहे ते एन्झाइम? तिचं स्वतःचं?"

"आहे ना. नुसतं झोपलं होतं. उठवू आपण त्याला."

पलीकडे बराच वेळ रडणंच ऐकू आलं.

आता ही ताटली कचऱ्यात जाईल आणि तिच्याबरोबर मीही. चालायचंच. मी माणसाचा म्हणवतो, पण माणसाच्या अंगात क्षणभरही राहिलो नाही. भाऊ राहतोय, पोरी, तुझ्या अंगात. त्याला त्याचं औषध वेळेवर देत जा, एवढंच मागणं. बाकी खुशाल धाव, लोळ, हव्या तेवढ्या उड्या मार. हलवल्यानं फेस येतो तो मला, त्याला नाही!